एकाच मालकाची प्लिमथ

लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया
ता. ९ ऑगस्ट १९९३

चि. लोविना हीस फॅरसचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे ३० जुलैचे पत्र पोचले. त्यात तू पाच ठिकाणी पूर्णविराम गाळला आहेस. एकाहत्तर वर्षांच्या बाईने श्वास न घेता लिहू नये, हे मी तुला पूर्वीही कळवले होते. बाकी मजकूर समाधानकारक आहे. तुमच्याकडे मका वेळेवर आला, हे वाचून बरे वाटले. इकडे तंबाखूची कापणी सुरू आहे. आमची मिनर्व्हा रोज सकाळी जेवण घेऊन येते आणि मुलीने बापाला जे सांगू नये ते सर्व सांगून जाते.

एक गोष्ट मात्र तिने सांगण्यापूर्वीच मी केली. डॉक्टरांच्या मते माझ्या दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी गेली आहे. कडांनी दिसते, समोरचे दिसत नाही. म्हणून गेल्या गुरुवारी मोटार चालवण्याचा परवाना मी स्वतः परत केला. तो कोणी मागून घ्यावा, अशी वेळ येऊ दिली नाही. आता प्लिमथ विकणे ओघानेच आले. जाहिरात अशी लिहिली :

‘विकणे आहे. प्लिमथ सेडान, सन १९५४, चार दारे, रंग काळा. पहिल्यापासून एकच मालक. एक्केचाळीस हजार मैल. सदैव बग्गीखान्यात ठेवलेली. रेडिओ कधीही नव्हता. बंपर व पुढची जाळी, चकाकी दिसू नये या आमच्या चर्चमंडळीच्या नियमास अनुसरून, काळी रंगवलेली आहेत.’

साप्ताहिकाच्या कार्यालयातील मुलीने त्यात ‘उत्तम जतन केलेली’ हे शब्द आपल्या मनाने घातले. मी ते काढावयास लावले. जतन झाले की नाही, ते घेणाऱ्याने पाहावे. विकणाऱ्याने आपल्याच वस्तूची स्तुती करणे आपल्यात बसत नाही.

इंडियानाला यातले काही कळवू नकोस. मॅलन मोटारींच्या पत्र्याचे व रंगाचे काम करतो. असल्या जाहिराती त्याच्या नजरेत भरतात. धाकट्या भावाशी जुन्या गाडीचा सौदा करण्याचे माझे वय नाही. याहून वेगळे कारण नाही.

प्रकृतीस जपावे, आणि लोभ ठेवताना विरामचिन्हेही ठेवावीत.

तुझा
फॅरस


पेन यान, न्यूयॉर्क
ता. १६ ऑगस्ट १९९३

ती. फॅरसदादा यांस लोविनाचा स. न. वि. वि.

हे पत्र मी पूर्णविराम मोजून लिहिते आहे. चुकले तर लाल पेन्सिलीने खूण करून परत पाठवा. तुमची शाळा सुटून वीस वर्षे झाली, मास्तर काही सुटत नाहीत!

डोळ्यांचे वाचून वाईट वाटले. परवाना स्वतःहून परत केलात, हे मात्र अगदी तुमच्यासारखे झाले. दुसऱ्याने हात धरण्याआधी आपणच खाली बसायचे.

आता रागावू नका. जाहिरातीचे कात्रण मी मॅलनला आधीच पाठवले होते. इथल्या दुकानात साप्ताहिक येते, त्यात मी ते वाचले आणि तुमचे पत्र यायच्या दोन दिवस आधीच पाकीट टपालात टाकले. तुम्ही कळवू नका म्हणता, ते का, हे मला समजले नाही. तुम्ही लिहिता की याहून वेगळे कारण नाही. दादा, कारण नसताना तुम्ही कधी असे वाक्य लिहीत नाही.

मॅलनचे उत्तर आले आहे. त्याला गाडी हवी आहे. आणि गाडीपेक्षाही मोठे काही हवे आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहिते. त्याची बायको कॅरल गेली त्याला मार्चमध्ये वर्ष झाले. मुले टेक्ससला. तो त्रेसष्टचा झाला, एकटा जेवतो, तेही उभ्याने. त्याला घरी परत यायचे आहे. नुसते राहायला नव्हे, मंडळीत परत यायचे आहे. बिशप नोल्टना त्याने तसे लिहिलेसुद्धा.

तुम्ही डीकन आहात, मंडळीची शिस्त तुम्हीच पाहता, तुम्हाला मी काय सांगणार! पण लिहिल्यावाचून राहवत नाही. पंचावन्न सालच्या मार्चमध्ये मॅलनच्या फोर्डच्या बंपरवरचा काळा रंग निघून खालची चकाकी उघडी पडली. तो म्हणाला, मी हात लावला नाही, आपोआप निघाला. कोणीच विश्वास ठेवला नाही. तुम्ही मंडळीतल्या दोन भावांना बरोबर घेऊन त्याच्याकडे तीनदा गेलात. चकाकीबद्दल त्याला माफी मिळाली असती. त्याला काढले ते खोटे बोलल्याबद्दल. आणि त्याने कबुली द्यायची ती दिली नाहीच. आई सहा वर्षांनी गेली, ती धाकट्याला खोटारडा समजून. मीही तेच समजत आले. पण दादा, आता अडतीस वर्षे झाली. एका बंपरपायी माणसाने किती वर्षे बाहेर उभे राहायचे? तुम्ही मनावर घेतलेत तर बिशप ते जुने प्रकरण मिटवतील.

सफरचंदे उतरवायला शेजारची मुले आली आहेत, निम्मी झाडावरच खात आहेत. लोभ आहेच, फक्त तो थोडा इंडियानाकडेही वळवावा.

तुमची
लोविना


लँकेस्टर परगणा
ता. २१ ऑगस्ट १९९३

चि. लोविना हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात एकही पूर्णविराम गळलेला नाही. त्याबद्दल अभिनंदन.

गाडीविषयी. डेलावेअरचे व्हिटकोम्ब नावाचे एक गृहस्थ ती पाहण्यास येणार आहेत. त्यांच्या संग्रहात अशा बावीस मोटारी आहेत. माझा शब्द जवळजवळ गेलेला आहे. म्हणून मॅलनला नकार कळव. भावाभावांत वस्तूची खरेदीविक्री झाली की पुढे प्रत्येक बिघाडाला नात्याचा रंग चढतो.

मॅलनच्या परतण्याविषयी. डीकनला नियम वाकवता येत नाही. वाकवला तर तो उरलेल्या सर्वांसाठी वाकतो. मंडळीने जे ठरवले ते कबुलीनेच सुटेल. त्याने एक वाक्य उच्चारावयाचे आहे. ते त्याने १९५५ मध्ये उच्चारले असते, तर आज हा पत्रव्यवहार करावा लागला नसता.

आईविषयी तू जे लिहिलेस ते पुन्हा लिहू नकोस.

सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी मिनर्व्हाकडे पाठवावी. माझ्यावरचा राग ओसरला की मगच उत्तर लिहावे, मी थांबेन.

फॅरस


गोशेन, इंडियाना
ता. २८ ऑगस्ट १९९३

रा. रा. फॅरस सेन्सेनिग यांस मॅलन सेन्सेनिगचा नमस्कार. वि. वि.

एकोणीसशे एकसष्टनंतर हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. ख्रिसमसची कार्डं मी धरत नाही, त्यांत मी सहीशिवाय काही लिहीत नव्हतो. तुम्ही तर सहीही करत नव्हता, वहिनी करायच्या.

गाडीला नकार आल्याचं लोविनाताईने कळवलं. तरी एकदा विचारून पाहतो. तुम्ही मागाल ती किंमत मला मान्य आहे, घासाघीस करणार नाही. तुमचे डोळे गेले, माझे अजून शाबूत आहेत. मी तिकडे आलो तर रविवारी तुम्हाला सभेला त्याच गाडीतून नेईन. गाडी घरात राहील. गेली एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या नीट करतो आहे, एक आपल्या घरची करावी असं वाटतं.

दुसरी गोष्ट. बिशप नोल्ट यांचं उत्तर मला आलं. सभ्य माणूस आहे, तुमच्यानंतरच्या पिढीतला. प्रभुभोजनाच्या आधी जी सल्लासभा होते, त्या २ ऑक्टोबरच्या सभेत मी उभं राहायचं. डीकन मला विचारतील, १९५५ साली तू मंडळीशी खोटं बोललास काय? मी ‘होय’ म्हणायचं. बस. त्यानंतर मी आत.

तुम्हाला ठाऊक आहे की मी खोटं बोललो नव्हतो. म्हणजे निदान मी तुम्हाला तसं सांगितलं होतं. रंग आपोआप निघाला होता. का निघाला, ते तेव्हाही मला कळलं नाही. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, रग होती, म्हणून बाहेर पडलो. आता रग नाही. मी ‘होय’ म्हणायचं ठरवलं आहे. घरी येण्यासाठी एक खोटं बोलावं लागणार असेल तर बोलतो. देव ते समजून घेईल, मंडळीने समजून घ्यायची गरज नाही. मेल्यावर आईच्या कबरीच्या कुंपणात जागा मिळावी, एवढंच मागणं आहे.

तुम्ही प्रश्न विचाराल तेव्हा तुमच्याकडे बघून उत्तर देणं मला जड जाईल. म्हणून आधीच कळवून ठेवतो.

गाडीबद्दल विचार बदलला तर दोन ओळी टाकाव्यात.

मॅलन


लँकेस्टर परगणा
ता. ६ सप्टेंबर १९९३

प्रिय लोविनाआत्या, मिनर्व्हाचा स. न. वि. वि.

मुरंबा पोचला. बाबांनी त्याला हात लावला नाही. खरं तर आठवडाभर त्यांनी कशालाच हात लावलेला नाही. काकवीची पाई केली, तीही तशीच परत नेली. इंडियानाहून एक पत्र आलं आहे. मी वाचून दाखवू का म्हटलं तर नको म्हणाले. भिंग घेऊन, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने एकेक शब्द वाचत बसतात. चार पानी पत्राला त्यांना दोन दिवस लागले आणि तरी ते पुन्हा पहिल्यापासून वाचताहेत.

शनिवारी व्हिटकोम्ब येऊन गेले. माणूस गमतीचा. अंगात पांढरे कपडे, आणि सरळ गाडीखाली आडवे! रेडिओच्या जागेवरची कोरी पट्टी बघून लहान मुलासारखे खूश झाले. आईने शिवलेले सीटांचे अभ्रे उचलून खालचं कापड पाहिलं आणि मला म्हणाले की अशा घरात आपल्याला दत्तक घ्याल काय. मी म्हटलं, घेऊ, पण पहाटे साडेचारला धारा काढाव्या लागतील.

मग त्यांनी विचारलं की काळ्या रंगाखालचा बंपर कितपत गेलेला असेल. मी सांगितलं की आमच्यात आधी खरकागदाने घासून मग रंगवतात, तेव्हा खाली खरखरीतच असणार. त्यांनी बंपरच्या मागच्या बाजूला नखाने जरासं टोकरलं. आत्या, तापवलेल्या दुधावरची साय उचलावी तसा तो रंग उठला! टवका नाही, भुकटी नाही, सलग पापुद्रा. आणि खाली आरसा. चाळीस वर्षांपूर्वीचा कोरा आरसा. व्हिटकोम्बनी शीळ घातली. मी बाबांकडे पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यांनी व्हिटकोम्बना सांगितलं की निर्णय नंतर कळवीन. एवढं चांगलं गिऱ्हाईक आलं, तर हे काय? मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, प्रश्न नीट विचारलास, आणि बग्गीखान्याचं दार लावून घेतलं. तुम्हाला काही कळतं का यातलं? मला भीती वाटते.

तुमची
मिनर्व्हा


पेन यान
ता. ११ सप्टेंबर १९९३

चि. मॅलन यास लोविनाताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा निर्णय वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि मग उठून दोन पाव भाजले. तू कबुली देतो आहेस, हे फार चांगले करतो आहेस. मी विचारणार नाही की तू तेव्हा खरे बोललास की नाही. आईच्या वेळी मी ते विचारायला हवे होते. आता घरी ये, बस्स.

दादांची काळजी वाटते. मिनर्व्हाने मोठे पत्र लिहिले आहे. ते जेवत नाहीत. गाडीचे गिऱ्हाईकही त्यांनी परत पाठवले, आणि तेही केव्हा, तर त्या माणसाने रंग टोकरला आणि खाली बंपर आरशासारखा निघाला तेव्हा! मिनर्व्हा लिहिते, दुधावरची साय उचलावी तसा रंग उठला. चाळीस वर्षे गाडी वापरून अशी ठेवायची, ही दादांचीच शिस्त. तुला या कामातले कळते म्हणून लिहिले. ऐकून मजा वाटेल.

प्रवासाला गरम सदरे घे. तिकडे थंडी तुझ्या आठवणीपेक्षा लवकर पडते. माया आहेच, ती पत्रात मावत नाही म्हणून पाव वेगळा पाठवते आहे.

तुझी
लोविनाताई


गोशेन
ता. १८ सप्टेंबर १९९३

फॅरस सेन्सेनिग यांस.

लोविनाताईने एक वाक्य लिहिलं आहे. तिला त्याचा अर्थ कळलेला नाही. मला कळला.

रंगाच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. घासलेल्या धातूवरचा रंग खरवडला तर भुकटी पडते. जुना झाला तर टवके उडतात. सायीसारखा सलग उठतो तो एकाच कारणाने : खाली मेण असेल तर. मेणावर रंग बसत नाही, नुसता पसरतो. तुमच्या बंपरला मेण होतं. ते तुम्ही लावलं असणार, कारण त्या गाडीला पहिल्यापासून दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही. तसं जाहिरातीतच आहे.

माझ्या फोर्डचा रंगही असाच उठला होता. मार्चमध्ये सलग पट्ट्या लोंबत होत्या. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. नंतर कळायला लागलं तेव्हा मी त्या बंपरचा विचार करणंच सोडलं होतं. परवा रात्रभर केला. मी माझा बंपर तुमच्या बग्गीखान्यात रंगवला होता. ऑक्टोबर होता. मी खरकागदाने तो घासला. मग धूळ पुसायला तुमच्याकडे फडकं मागितलं. तुम्ही दिलंत.

माझा एकच प्रश्न आहे. त्या फडक्याला काय होतं, हे तुम्हाला पंचावन्नच्या मार्चमध्ये माहीत होतं का? होय की नाही. तुमची लांब वाक्यं नकोत.

मी हे कोणाला सांगणार नाही. लोविनाताईलाही नाही. २ ऑक्टोबरला मी येतो. तुम्ही समोर उभे राहून मला विचाराल की तू खोटं बोललास काय. विचारा. तुम्ही जो प्रश्न विचाराल त्याचं मी ठरलेलं उत्तर देईन. काय विचारायचं ते तुमच्या हाती.

मॅलन


लँकेस्टर परगणा
ता. २२ सप्टेंबर १९९३

मॅलन यास फॅरसचा नमस्कार.

होय.

तू लांब वाक्ये नकोत म्हणतोस. पण या एका शब्दामागे दडून राहणेही मला सोपे जाईल, म्हणून पुढचे लिहितो. हे पत्र मी मिनर्व्हाला सांगून लिहवून घेतलेले नाही. ओळी वाकड्या गेल्या असतील.

१९५४ च्या जूनमध्ये प्लिमथ आणली, त्याच आठवड्यात बंपर रंगवावयाचा होता. मी खरकागद हातात घेतला. बंपरमध्ये माझी टोपी, माझी दाढी आणि मागचे अंगण दिसत होते. मी कागद परत फळीवर ठेवला. तुझ्या वहिनीचे, एडनाचे, जमिनीला लावण्याचे मेण घेऊन मी बंपरला चोळले आणि त्यावर काळा रंग दिला. स्वतःला सांगितले की हा काटकसरीचा उपाय आहे. धातू गंजणार नाही, कधी विकली तर किंमत राहील. ते खरे नव्हते. ती चकाकी मला मारवली नाही. ती खाली आहे, हे मला माहीत असणे मला आवडत होते. माझा रंग जेथे सुटे तेथे मी दर एप्रिलमध्ये बारीक कुंचल्याने पुन्हा भरत असे. गाडी आत असे, म्हणून कोणाला दिसले नाही. तुझी उघड्यावर हिवाळा काढत होती.

ऑक्टोबरमध्ये तू फडके मागितलेस. मेणाच्या डब्यात एक होते, तेच दिले. नवे फाडले नाही. त्या वेळी माझ्या मनात काही नव्हते. याहून अधिक बचाव माझ्याजवळ नाही. मार्चमध्ये तुझ्या बंपरवरची एक पट्टी मी हातात घेतली. तिची आतली बाजू गुळगुळीत होती. तिला मेणाचा वास येत होता. मला त्या क्षणी कळले.

तरी मी दोन भावांना घेऊन तुझ्याकडे आलो. तिसऱ्या खेपेस त्यांनी माझे मत विचारले. मी म्हणालो की नीट घासून पुसलेल्या धातूवरून रंग आपोआप निघत नाही. ते वाक्य निर्दोष होते. त्यात एकही खोटा शब्द नव्हता. त्या वाक्याने तुला घालवले. मुलांना वाक्ये शिकवण्यात मी एकतीस वर्षे घालवली, आणि माझ्या हातून रचले गेलेले सर्वांत पक्के वाक्य ते होते.

आई शेवटच्या आठवड्यात मला विचारत असे, की मॅलनने ते खरेच केले असेल का. मी तिला म्हणत असे, की ठरले ते ठरले, तू शांत पड. हेही तुला माहीत असावे.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यावी की देऊ नये, हे ओझे तुझ्यावर पडेल. आजवर तुझ्यावर पुष्कळ पडले. २ ऑक्टोबरला मी तुला कोणताही प्रश्न विचारणार नाही. तुझ्याआधी मी उभा राहीन. तू कबुली देऊ नकोस. एवढीच विनंती करण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे, आणि तोही आहे की नाही, हे तू ठरव.

गाडी तुला हवी असल्यास तुझी आहे. किमतीविना.

फॅरस


लँकेस्टर परगणा
ता. ४ ऑक्टोबर १९९३

चि. लोविना हीस आशीर्वाद. वि. वि.

मेणाची व फडक्याची हकीगत कळवणारे माझे २४ सप्टेंबरचे पत्र तुला मिळाले असेल आणि तू उत्तर लिहिलेले नाहीस, हे योग्यच आहे. तरी सभेत जे घडले ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

मॅलन शुक्रवारी आला. मिनर्व्हाकडे उतरला आहे. माझ्याकडे आला नाही. शनिवारी सभागृहात तो पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसला, दारालगत. बिशप उभे राहण्यापूर्वी मी उभा राहिलो. समोरचे चेहरे मला दिसत नाहीत, हे त्या दिवशी उपयोगी पडेल असे वाटले होते, पडले नाही. बायकांच्या बाजूला कोणीतरी सर्वकाळ रडत होते, आणि ती मिनर्व्हा आहे, हे मला आवाजावरून कळत होते. मी मेणापासून आईपर्यंत सर्व सांगितले. सांगताना दोन वाक्ये अर्धीच राहिली. ती मी पुरी केली नाहीत.

बिशप व उपदेशक बाजूच्या खोलीत गेले. परत येऊन त्यांनी मंडळीला सांगितले की १९५५ चा निर्णय रद्द आहे, त्यात मॅलनचा दोष कधीच नव्हता, म्हणून कबुलीचाही प्रश्न नाही. माझ्याबद्दल ठरले की डीकनपद थांबवावे आणि वसंतापर्यंत मी प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेऊ नये. मला हे कमी वाटले.

मग रीतीप्रमाणे एकेकाला विचारणे सुरू झाले, की देवाशी आणि माणसांशी तुझा समेट आहे काय; एकाचाही नसला तर प्रभुभोजन थांबते. सगळे ‘आहे’ म्हणत गेले. शेवटच्या बाकापाशी आल्यावर बिशप जरा घुटमळले. अडतीस वर्षे त्या नावाला कोणी विचारलेच नव्हते. तरी त्यांनी विचारले. मॅलन उठला. बिशपनी त्याला मदत करावी म्हणून हळूच म्हटले की नुसते ‘आहे’ म्हटले तरी चालेल. मॅलन म्हणाला की अजून नाही.

लोविना, दोनशे माणसांचे प्रभुभोजन त्या दोन शब्दांवर अडले. टायटस बर्कहोल्डर पुटपुटला की आल्या आल्या याने खोळंबा केला. बिशपनी त्याला गप्प केले. मला मात्र, हे लिहिणे मला शोभत नाही, पण अभिमान वाटला. त्याला ‘आहे’ म्हणणे किती सोपे होते! तो खोटे बोलण्याची तयारी करून आला होता, आणि गरज संपताच खरे बोलला. पुढे काय करायचे, ते या आठवड्यात ठरेल. माझ्यामुळे सर्व मंडळी उपाशी राहिली तर ते मला सोसवणार नाही, आणि मॅलनला मी विनंतीही करू शकत नाही.

गाडी मॅलनने नाकारली. मिनर्व्हापाशी म्हणाला, म्हणे, की त्या बंपरमध्ये त्याला आपले तोंड पाहायचे नाही. आज सकाळी व्हिटकोम्ब ती मालमोटारीवर चढवून घेऊन गेले. त्यांना मी मेणाचे सांगितले; वस्तू विकताना लपवू नये. त्यांनी माझा हात हातात घेऊन म्हटले की केवढी दूरदृष्टी! मी त्यांना दोनदा सांगितले की ती दूरदृष्टी नव्हती. त्यांना फरक कळला नाही. बग्गीखान्यात आता तेलाचा एक डाग आहे आणि बरीच जागा.

तुला लिहावेसे वाटेल तेव्हा लिही. न वाटल्यास मी समजेन. मात्र थंडीत छातीला जप.

फॅरस


मिनर्व्हाच्या घरून
ता. ९ ऑक्टोबर १९९३

ती. दादा यांस मॅलनचा नमस्कार. वि. वि.

अर्ध्या मैलावरून पत्र लिहितो याचं हसू येईल. चालत येऊन सांगायला निघालो होतो, तुमच्या फाटकापर्यंत आलोही होतो. तुम्ही ओट्यावर बसला होता. मी हात केला. तुम्हाला दिसला नाही. मग पुढे येववेना. टेलिफोन मिनर्व्हाकडे आहे, पण तुम्ही म्हणता तसं, त्यावर बोललेलं वाक्य पुन्हा वाचता येत नाही. म्हणून हे.

बिशप नोल्ट गुरुवारी येऊन गेले. मी म्हटलं, माझ्यासाठी मंडळीला ताटकळत ठेवू नका. मी अजून ‘आहे’ म्हणू शकत नाही. रात्री झोपायला जातो तेव्हा म्हणू शकेन असं वाटतं, आणि सकाळी आईचं आठवतं. तुम्ही तिला ‘शांत पड’ म्हणत होता, ते. मला खोटं सांगायचं नाही. तेवढ्यासाठी मी एकदा घर सोडलं आहे. बिशपना ते पटलं. ठरलं ते असं : उद्या प्रभुभोजन होईल. ज्याचा समेट नाही त्याने आणि ज्याला थांबवलं आहे त्याने मागे बसावं. वसंतात पुन्हा विचारतील.

मी परत जात नाही. गोशेनचं दुकान विकायला काढलं आहे. मिनर्व्हाच्या नवऱ्याने तंबाखूच्या कोठाराची एक बाजू मला कामाला दिली. तिथे पत्र्याचं काम करीन. तो म्हणतो, आवाज फार करायचा नाही, गाई बिचकतात. मी म्हटलं, गाईंना सवय होईल, तुला होईल की नाही ते सांग.

लोविनाताईचा फोन आला होता. पहिली पाच मिनिटं नुसती रडली. मग विचारते, दादा जेवतात का. तुम्हाला लिहायला तिला अजून वेळ लागेल. पण विचारलं तिने.

उद्या सकाळी आठला मिनर्व्हा गाडी घेऊन तुमच्याकडे येणार होती. तिला सांगितलं, तू मुलांना घेऊन पुढे जा, दादांना मी आणतो. ओट्याच्या पायऱ्यांना कठडा नाही, तेव्हा मी येईपर्यंत उतरू नका. वाटेत बोलणं होईलच असं नाही.

भाकर आणि प्याला पुढून येत येत शेवटच्या बाकाच्या अलीकडे थांबेल. त्या बाकावर आपण दोघंच असू. दाराच्या बाजूला वारा लागतो, तिथे मी बसेन. तुम्ही आत सरका.

मॅलन